वळसा

नव्या मॅडमच्या हाताखाली कॉलेजच्या मुलींचा बास्केटबॉल संघ ओळीने सगळे सामने हरत चालला, तेव्हा क्रीडा विभागाचे प्रमुख म्हणाले, "घाई नाही. घर पाडून बांधायचं म्हटल्यावर धूळ उडणारच." हे बोलताना त्यांची नजर भिंतीवरच्या वेळापत्रकावर होती, त्यामुळे घाई आहे हे मॅडमना कळलं. साखळीतला शेवटचा सामना हातातून गेला तर संघ खालच्या गटात जाणार होता, आणि खालच्या गटातल्या संघासाठी कॉलेज वेगळा प्रशिक्षक ठेवत नसे.

जुने सर सुट्टीत गेले होते. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मॅडम त्यांच्याच हाताखाली, याच कोर्टवर खेळायला शिकल्या होत्या. समोरच्याला कळायच्या आत चेंडू घेऊन पसार व्हायच्या म्हणून सर त्यांना 'खार' म्हणत. पुढे त्या दुसऱ्या शहरात शाळेच्या मुलांना शिकवत राहिल्या आणि सरांची जागा रिकामी झाल्यावर इकडे आल्या. सरांनी तयार केलेला संघ असा सहज हरावा हे त्यांना पटत नव्हतं. मुली दमदार होत्या, नेम बरा होता, एकमेकींशी भांडणंही बेताचीच होती. मग घोडं पेंड खात होतं कुठे?

क्रीडा विभागाची खोली म्हणजे हवा गेलेले चेंडू, ओल्या जर्सींचा वास आणि एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातलेलं टेबल. त्या टेबलाशी बसून मॅडमनी हरलेल्या सामन्याचा व्हिडिओ पाहिला. एका राखीव मुलीने तो गॅलरीतून मोबाइलवर काढला होता. चेंडू डावीकडून पुढे यायचा, मुलगी वेगात बास्केटकडे निघायची, आणि फ्री थ्रोच्या रेषेच्या डाव्या टोकाशी आली की बाहेरच्या अंगाने वळायची. नुकतीच पुसलेली ओली फरशी टाळावी तशी. तिथून पुन्हा आत येईपर्यंत समोरच्या संघाने दार लावलेलं असायचं. मॅडमनी व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा पाहिला. कप्तान वळत होती. संघातली सगळ्यात उंच मुलगी, जिला सगळे शिडी म्हणत, तीही वळत होती. समोरच्या संघाच्या हे केव्हाच ध्यानात आलं होतं. त्यांनी डावी बाजू मोकळीच सोडली होती.

दुसऱ्या दिवशी सरावाला मॅडमनी खडूने डावीकडून थेट बास्केटपर्यंत एक रेषा ओढली.

"या रेषेवरून पळायचं. बास. चेंडूसुद्धा नको."

"चेंडू नको तर बागेतच पळू की," शिडी पुटपुटली.

"बागेत तुझं डोकं फांद्यांत अडकेल," भिंगरी म्हणाली. ही पहिल्या वर्षाची, चणीने लहान, पायाला चाकं लावल्यासारखी. "मग आम्ही शिडी काढायला शिडी कुठून आणायची?"

मुली हसल्या आणि पळाल्या. एकामागून एक सगळ्या त्याच जागी रेषा सोडून बाहेर गेल्या आणि पुढे पुन्हा रेषेवर आल्या. भिंगरीसुद्धा. ती तर यंदाच आलेली. सरांना तिने पाहिलंही नव्हतं.

"तू का वळलीस?" मॅडमनी तिला विचारलं.

"मी कुठे वळले?"

"पुन्हा पळ. आणि मी म्हणेन तिथे थांब."

ती पळाली, थांबली आणि खाली बघत राहिली. रेषा तिच्या पायांपासून चांगली दोन हात लांब राहिली होती. "अय्या," ती म्हणाली. "मी आपली कप्तानच्या मागे मागे जाते, तशीच गेले."

"काय आहे तिथे? खड्डा आहे की साप आहे?"

मॅडमनी हे गमतीने विचारलं होतं, पण कोणी हसलं नाही. जुन्या मुली बुटांच्या नाड्यांकडे बघायला लागल्या. शेवटी शिडीला राहवलं नाही. "तिथे सर उभे राहायचे."

"शिडी, पाणी पिऊन ये," कप्तान म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण शिडी लगेच गेली.

मॅडमना काही उलगडेना. त्यांच्या वेळी सर कोर्टच्या कडेने मुलींबरोबर धावायचे. 'रेषेच्या आतलं तुमचं, बाहेरचं माझं' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सरावात आत पाऊल टाकणं त्यांच्या लेखी पाहुण्याने थेट स्वयंपाकघरात शिरण्यासारखं होतं. तोच माणूस अखेरीला ऐन वाटेत येऊन उभा राहात होता.

सराव संपल्यावर कप्तान सामानाच्या खोलीत चेंडूंमध्ये हवा भरत होती. मॅडमनी दार लोटून घेतलं.

"सर आत का उभे राहायचे?"

कप्तानने पंपाचे चार-सहा दट्टे मारले. "मॅडम, तुम्ही बाहेर बोलाल."

"नाही बोलणार."

"त्यांना दिसत नव्हतं." ती पंप मारत राहिली. "काचबिंदू होता. समोरचं दिसायचं, तेही नळीतून बघावं तेवढंच. लांबचं धुरकट, बाजूचं तर नाहीच. म्हणून आत आले. तिथून बास्केट दिसायची आणि आमचे बूट ऐकू यायचे."

"आणि हे कॉलेजला माहीत नव्हतं?"

"माहीत असतं तर निरोपाचा कार्यक्रम करून घरी बसवलं असतं. भाषणं झाली असती. सर घरी बसून काय करणार होते?"

मग तिने सगळं सांगितलं. ती पहिल्या वर्षाला असताना एकदा डावीकडून आत शिरली, तिचा खांदा लागला आणि सर आडवे झाले. उठून पँट झटकत म्हणाले, 'बूट घसरला.' त्यांना ती येताना दिसलीच नव्हती. त्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत मुलींनी ठरवलं की सरांच्या अंगावरून कोणी जायचं नाही, लांबून वळसा घालायचा, आणि आपण वळसा घालतोय हे सरांना कळता कामा नये. सामन्यात सर बाकावर असायचे. तिथलं कप्तान सांभाळायची. मधल्या विश्रांतीत त्यांच्यापुढे बसून म्हणायची, 'सर, त्यांची ती लांब वेणीवाली मोकळी सुटतेय ना?' सर म्हणायचे, 'तेच सांगतोय मी केव्हाचा.'

"कधी कळलं नाही त्यांना," कप्तान म्हणाली. एवढं बोलताना पहिल्यांदाच तिचा चेहरा उजळला. "एकदाही नाही."

"आता सर नाहीत," मॅडम शक्य तितक्या हळू म्हणाल्या.

"माहीत आहे मला. मॅडम, दुसरं काहीही सांगा, मी करीन. मी रोज ठरवून निघते की आज सरळ जायचं. पाय ऐकत नाहीत."

आणि तिचे पाय ऐकत नाहीत तोवर बाकीच्यांचेही ऐकणार नव्हते. मेंढ्यांना वाट दाखवायला पुढे एकच असते, तशी गत. मॅडमनी पुढचे काही दिवस सगळे उपाय करून पाहिले. बाहेरच्या बाजूला बाक आडवे लावले तर मुली धडपडल्या. वेग कमी करायला लावला तर सावकाश वळल्या. शिडीने एकदा डोळे मिटून सरळ जायचं ठरवलं आणि खांबाला जाऊन भिडली. बिचारीला कपाळावर बर्फ धरून बसावं लागलं आणि भिंगरीने खांबाची विचारपूस केली.

शेवटी मॅडम स्वतः त्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या. "चला, या माझ्या अंगावर."

मुली निघाल्या. मॅडमनी दोन्ही तळहात डोळ्यांच्या कडांना लावले, घोड्याला झापडं बांधतात तसे. समोर बास्केटची जाळी तेवढी उरली. बाकी फक्त आवाज. सरळ धावणारा बूट फरशीवर टपटप वाजतो. वळणारा बूट चिरकतो. मॅडमच्या डाव्या कानाशी एक बूट चिरकला, मग दुसरा, मग तिसरा, सगळे त्याच एका जागी. पाटीवर खडू करकरावा तसा आवाज होता तो. लक्ष देऊन ऐकावाही लागत नव्हता.

मॅडमनी हात खाली घेतले. ज्या माणसाने उभी हयात या फरशीवर काढली, नुसत्या टपटपीवरून कोणती मुलगी दमलीय हे जो पाठमोरा उभा राहून सांगायचा, त्याला दोन वर्षं हे ऐकू आलं नाही? त्यांनी सराव लवकर सोडला.

सरांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. काकूंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "खार ना तू? ये. केस पांढरे झाले की तुझे."

"तुमचे नाही झाले, काकू."

"मी रंगवते. बस."

बैठकीच्या खोलीतलं सगळं सामान भिंतींना टेकवलेलं होतं. सोफा, टेबल, खुर्च्या, टीव्ही. मधे एवढी मोकळी जागा की दोन मुलं पकडापकडी खेळतील. मॅडम बघतायत हे काकूंनी पाहिलं. "ह्यांच्या पायात यायचं ना सगळं. अजून हलवलेलं नाही मी. पाहुणे येतात आणि गोल करून बसतात, दवाखान्यात नंबर लावल्यासारखे."

मॅडमना विषय कसा काढावा ते सुचत नव्हतं, तेवढ्यात काकूंनीच चहाचा कप पुढे करत म्हटलं, "तू विचारायला आलीस ते मला कळलंय. तुझी कप्तान सांगत होती, नव्या मॅडम रेषा ओढतात म्हणून."

"सरांना माहीत होतं का?"

"पहिल्याच महिन्यात कळलं." काकू समोरच्या खुर्चीवर बसल्या. "घरी आले आणि म्हणाले, पोरी माझ्याभोवतीनं वळतायत. मला वाटलं, वाईट वाटलं असेल. तर रडायलाच लागले, इतकं बरं वाटलं त्यांना. मग दोन दिवसांनी म्हणाले, पण त्यांचा खेळ वाकडा होतोय माझ्यापायी. उद्यापासून कडेला उभा राहतो. मी म्हटलं, राहा. सकाळी ते बूट घालायला लागले की मी विचारायचे, आज कडेला ना? तर म्हणायचे, आजचा दिवस राहू दे."

"मग?"

"मग काय. एकेक करत आजचे दिवसच संपले."

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं. काकूंनी उठून खिडकी लावून घेतली.

"कडेला गेले असते तर काहीच दिसलं नसतं," काकू म्हणाल्या. "म्हणजे घरी बसणं आलं. ते त्यांच्याच्याने होईना. चांगला माणूस होता. पण मोह सुटला नाही त्याला, हे मी नाही बोलायचं तर कोणी बोलायचं?"

"कप्तानला हे माहीत नाही."

"कसं असेल? दर रविवारी येते, माझी औषधं आणून देते. तिला वाटतं, तिने त्यांना शेवटपर्यंत कळू दिलं नाही. त्यावरच उभी आहे ती. मी काही बोलले नाही." काकूंनी रिकामा कप उचलला. "तू बोलायचं की नाही, तुझं तू बघ. सामना तुला जिंकायचाय, मला नाही."

मॅडम चालत घरी आल्या. सांगितलं तर मुलगी मोकळी होईल, कोणाला तरी जपायचं ओझं उतरेल, आपण हे तिच्या भल्यासाठीच करतोय, असं त्यांनी स्वतःला पटवून पाहिलं. अर्धंच पटलं. उरलेल्या अर्ध्यात शेवटचा सामना होता आणि क्रीडा विभागाच्या भिंतीवरचं वेळापत्रक होतं. सर असते तर त्यांनी काय केलं असतं, असा विचार करायची त्यांना जुनी सवय होती. या वेळी त्याचा काही उपयोग नव्हता.

त्यांनी सांगितलं. सरावाच्या आधी, कोर्टच्या पायऱ्यांवर, कप्तान नाड्या बांधत असताना.

"सरांना माहीत होतं."

"काय?"

"तुम्ही वळसा घालता ते. बूट ऐकू येतात तिथे. मलाही आले. मग मी काकूंना विचारलं."

कप्तानने एका बुटाची गाठ पूर्ण केली आणि दुसरा पाय पुढे घेतला. "कधीपासून?"

"पहिल्या महिन्यापासून."

"मग ते बाजूला का नाही झाले?"

"बाजूला झाले असते तर त्यांना दिसलं नसतं."

"ते कळलं मला." ती नाडी हातात धरून बसली. "मॅडम, गेल्या वर्षी मी निवड चाचणीला गेले होते, मोठ्या संघाच्या. त्यांनी सगळं बघितलं आणि म्हणाले, खेळ छान आहे, पण मुलगी डावीकडून आत जात नाही. मी कारण सांगितलं नाही. परत येऊन सरांना सांगितलं, असं असं म्हणाले. सर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, पुढच्या वर्षी होईल." ती थांबली. "त्यांना माहीत होतं, नाही का, मला का नाही घेतलं ते?"

मॅडमना हे ठाऊक नव्हतं. काकूंनाही ठाऊक नसावं. 'नसेल आलं त्यांच्या लक्षात' असं म्हणता आलं असतं, पण खोटं बोलायची वेळ निघून गेली होती.

"हो," त्या म्हणाल्या. "माहीत असणार."

कप्तान उठली. तिने टोपलीतून एक चेंडू घेतला, डाव्या बाजूला गेली आणि निघाली. फ्री थ्रोच्या रेषेपाशी तिचा बूट चिरकला नाही. टपटप तशीच चालू राहिली, चेंडू बोर्डाला लागून जाळीत पडला. तिने तो उचलला, परत गेली, पुन्हा आली. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. रागाने पायऱ्या उतरणाऱ्या माणसासारखी ती जात होती, मागे न बघता. बाकीच्या मुली येऊन कडेला उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने भिंगरी तिच्या मागे लागली आणि सरळ गेली. मग शिडी. मग सगळ्या. इतक्या दिवसांत जे झालं नव्हतं ते एका तासात झालं. मुलींनी कप्तानला काय झालं म्हणून विचारलं. ती म्हणाली, "काही नाही. सवय मोडायची होती."

तिने त्यांना सांगितलं नाही. ते तिने स्वतःपाशीच ठेवलं.

शेवटचा सामना दुसऱ्या कॉलेजच्या बंदिस्त कोर्टवर झाला. समोरच्या संघाने ऐकीव माहितीवर डावी बाजू मोकळी सोडली होती. पहिल्याच हल्ल्यात कप्तान तिथून आत शिरली तेव्हा त्यांची बचाव करणारी मुलगी चक्क बाजूला बघत होती. त्यांना सावरायला अर्धा सामना लागला. नंतर त्यांनी भरपूर झुंज दिली. शेवटी शेवटी तर आघाडी एका बास्केटची राहिली होती आणि शिडीने वरच्यावर चेंडू अडवला नसता तर तीही राहिली नसती. संघ जिंकला. वरच्या गटात राहिला. विभागप्रमुखांचा फोन आला. "मी म्हटलं होतं ना," ते म्हणाले, "घाई करायची नाही."

परतताना बसमध्ये मागच्या बाकांवर दंगा चालला होता. भिंगरी म्हणत होती, चेंडू शिडीने अडवला नाही, चेंडूच जाऊन तिला धडकला, एवढं मोठं झाड मधे आल्यावर तो तरी काय करणार. कप्तान पुढे खिडकीशी बसली होती. मॅडम तिच्या शेजारी जाऊन बसल्या.

"छान खेळलीस. चाचणीसाठी पुन्हा नाव पाठवते मी."

"पाठवा."

बस एका चौकात थांबली आणि निघाली.

"मॅडम, ते मला सांगायला नको होतं तुम्ही."

"सांगितलं नसतं तर आज हरलो असतो."

"हरलो असतो," कप्तान म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. मॅडमना तो असता तर बरं वाटलं असतं. "पण आतापर्यंत मी हरत होते ना, तेव्हा कोणासाठी तरी हरत होते."

 मागून शिडी ओरडली की पाण्याची बाटली पुढे कोणी पळवली. कप्तानने पायाशी पडलेली बाटली उचलली, झाकण घट्ट आहे ना ते पाहिलं आणि मान न वळवता मागे दिली.